कोल्हापूर ते नांदेड : सरळ रेषेतले सव्वाचारशे किलोमीटर आणि विमानाचा वेळ

करवीरनिवासी
माझ्या आईचे वय ७२ आहे. अंबाबाईच्या गावातच तिचा जन्म गेला, तुळजापूरही दोनदा झाले, परंतु माहूरची रेणुका मात्र राहून गेली आहे. धाकटी बहीण नांदेडला दिलेली असल्यामुळे तेथून पुढची सोय आपोआप होते. प्रश्न आहे तो कोल्हापूर ते नांदेड एवढ्या टप्प्याचा, कारण दहा तास मोटारीत बसणे आता आईच्या कमरेला मानवत नाही.

म्हणून विमानाची चौकशी सुरू केली. दोन विमानतळांमधील अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर दोन्ही नावे घातली, तेव्हा ‘४२५ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ १ तास २ मिनिटे’ असे उत्तर क्षणार्धात मिळाले. गंमत अशी की या मार्गावर एकही थेट विमान मला दिसत नाही. जे विमान उडतच नाही, त्याला एक तासावर आणखी दोन मिनिटे लागतील हे कोणी आणि कशावरून ठरवले? अंतराचा आकडा तरी खरा मानावा का? आणि उद्या असे विमान सुरू झालेच, तर घरातून निघून बहिणीच्या दारात पोहोचेपर्यंत खरोखर किती वेळ लागेल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ
नसलेल्या विमानाची वेळ मिनिटापर्यंत सांगता येते, कारण ते कधी उशिरा येत नाही.

भूमापक
माझे आयुष्य जमीनमोजणीत गेले, त्यामुळे अंतराच्या प्रश्नाला हात घालतो. हा आकडा कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत पडताळता येतो आणि तो बरोबर आहे.

कोल्हापूरची, म्हणजे उजळाईवाडीची धावपट्टी साधारण १६ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७४ अंश १७ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे; नांदेडची १९ अंश ११ मिनिटे उत्तर आणि ७७ अंश १९ मिनिटे पूर्व. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत १५१ मिनिटांचा फरक आहे, म्हणजे नांदेड कोल्हापूरच्या उत्तरेला १५१ सागरी मैलांवर आहे. रेखांशांतला फरक १८२ मिनिटांचा. परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून १८ अंशांच्या आसपास त्या आकड्याला ०.९५ ने गुणावे लागते आणि पूर्वेकडचे अंतर १७३ सागरी मैल उरते. पुढे शाळेतला काटकोन त्रिकोण: दोन्ही वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की २३० सागरी मैल येतात, म्हणजेच ४२५ ते ४२६ किलोमीटर. इतक्या लहान अंतरात पृथ्वीच्या गोलाईमुळे पडणारा फरक सोडून दिला तरी चालतो.

वेळेचे कोडे त्याहून सोपे निघाले. विमान ताशी ५०० साध्या (सागरी नव्हे) मैलांनी, म्हणजे ८०५ किलोमीटरनी जाते असे धरा. ४२५ ला ८०५ ने भागले की ३२ मिनिटे येतात. त्यात चढण्या-उतरण्याची म्हणून सरसकट अर्धा तास मिळवा, की झाली ६२ मिनिटे. आपल्या संकेतस्थळाने कोणतेही वेळापत्रक पाहिलेले नाही. मुंबई ते लंडन असो वा कोल्हापूर ते नांदेड, सर्वांना एकच सूत्र लावलेले आहे.

करवीरनिवासी
भूमापक काका, मनःपूर्वक आभार. ६२ मिनिटांचा हिशोब इतका तंतोतंत जुळलेला पाहून हसू आले. परंतु मग ते विमान ताशी ८०५ किलोमीटरनी जाणारे असेल, हे कशावरून?

धावपट्टी२५
नेमका प्रश्न विचारलात. मी काही वर्षे एका विमानतळावर विमाने लावण्याच्या आणि सोडण्याच्या कामात होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

लहान विमानतळांमध्ये फिरणारे नेहमीचे विमान म्हणजे एटीआर ७२. बाहेरून दिसणारे दोन मोठे पंखे, सत्तरच्या वर आसने आणि सरळ उड्डाणातला वेग ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाने ४२५ किलोमीटरला नुसत्या भागाकाराने ५० मिनिटे लागतात. दुसरीकडे एम्ब्रेअरसारखे लहान जेट ताशी ८०० किलोमीटरपर्यंत जाते आणि तोच भागाकार ३२ मिनिटे देतो. कागदावर १८ मिनिटांची बचत दिसते, परंतु इतक्या छोट्या टप्प्यात ती पूर्ण हाती लागत नाही. विमान हवेत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटे चढत असते आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटे उतरत असते. जेटला त्याचा पूर्ण वेग जेमतेम दहा-बारा मिनिटे वापरायला मिळतो. म्हणून लहान अंतरावर इंधन वाचवणारे पंख्याचे विमान कंपन्यांना परवडते.

आणखी एक गोष्ट अशी की तिकिटावर छापलेला वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा तो वेळ असतो आणि कंपन्या त्यात थोडा राखीव वेळही घालतात. तेव्हा एटीआर असेल तर तिकिटावर सव्वा तास आणि जेट असेल तर पंचावन्न मिनिटे ते एक तास छापलेला दिसेल, असा माझा अंदाज आहे.

शंकेखोर
भूमापक यांच्या गणिताबद्दल आदर बाळगूनही एक आक्षेप नोंदवतो. विमान पट्टी ठेवून आखलेल्या रेषेवरून जात नाही. हवाई मार्ग ठरलेल्या बिंदूंवरून आखलेले असतात, लष्करी क्षेत्रे टाळावी लागतात, पावसाळी ढगांना वळसा घालावा लागतो. मग ४२५ हा आकडा बरोबर असूनही निरुपयोगी नाही का?

भूमापक
निरुपयोगी कसा? तो किमान आकडा आहे. त्यापेक्षा कमी अंतर कोणत्याही वैमानिकाला जाता येणार नाही, एवढी हमी तो देतो. जमिनीच्या मोजणीतही आधी सरळ साखळी टाकतात आणि मग बांधाची वळणे मोजतात.

धावपट्टी२५
दोघांचेही बरोबर आहे. पण या मार्गावर मोठा वळसा मध्ये नसून दोन्ही टोकांना आहे.

धावपट्टीला दिलेला क्रमांक म्हणजे होकायंत्रावरच्या दिशेचा दहावा भाग. कोल्हापूरची पट्टी ०७/२५ आहे, म्हणजे एका टोकाकडून धावलात तर तोंड ७० अंशांकडे, पूर्वेच्या किंचित उत्तरेला. दुसऱ्या टोकाकडून धावलात तर २५० अंशांकडे, पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला. नांदेडची पट्टी १०/२८ आहे. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उडते आणि सामोरे जाऊनच उतरते. कोल्हापूरहून नांदेड ईशान्येला, म्हणजे ४९ अंशांवर. वारा पूर्वेकडून असेल तर ०७ वरून उडायचे, जरासे डावीकडे वळायचे आणि वाटेला लागायचे.

आता जुलै महिना डोळ्यांसमोर आणा. वारा पश्चिमेकडून जोरात वाहत असतो. विमान २५ वरून, म्हणजे नांदेडकडे पाठ करून उडते आणि मग अर्धे वर्तुळ घेऊन मागे फिरते. तिकडे नांदेडलाही पश्चिमेकडे तोंड करूनच उतरायचे असल्याने विमानतळ ओलांडून पूर्वेला जायचे आणि वळून परत यायचे. दोन्हीकडची मिळून सात-आठ मिनिटे सहज वाढतात. लांबच्या प्रवासात एवढा वेळ कोणाच्या लक्षातही येत नाही. तासाभराच्या प्रवासात तो चांगलाच जाणवतो.

लालडबा
आकाशातल्या मंडळींनी थोडा वेळ जमिनीवरही यावे. कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड असा रस्ता धरला तर अंतर ५०० किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे सरळ रेषेपेक्षा पाऊणशे किलोमीटरच जास्त. आपल्याकडच्या रस्त्यांच्या मानाने हे प्रमाण फार चांगले आहे. घाटातल्या गावांना विचारा, तेथे सरळ रेषेतले वीस किलोमीटर रस्त्याने साठ होतात. हा रस्ता पठारावरून जातो आणि सोलापूरच्या पुढे नागपूर-रत्नागिरी महामार्गाचे चौपदरीकरण झाल्यापासून प्रवास बराच सुसह्य झाला आहे. मात्र नऊ-दहा तासांचा हिशोब धरावा, हे खरे.

रेल्वेचाही विचार करावा. कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्सप्रेस पंढरपूर, लातूर, परळी, परभणीमार्गे नांदेडला जाते. आठवड्यातून एकदाच असते, परंतु आईंना आडवे होता येईल. ती सोय ना मोटारीत, ना विमानात.

माहेरवाशीण
मी गेल्या हिवाळ्यातला अनुभव सांगते. विमानतळाचे आणि कंपनीचे नाव महत्त्वाचे नाही. तिकिटावरचा वेळ एक तास दहा मिनिटे होता. विमान वेळेवर निघाले, गावाच्या वर पोहोचले आणि पंचवीस मिनिटे घिरट्या घालत राहिले, कारण खाली धुके होते. खिडकीतून मला धुक्याच्या वर आलेले साखर कारखान्याचे धुराडे स्पष्ट दिसत होते. त्याच्या पलीकडेच माझे माहेर आहे. तरीही विमान उतरले नाही आणि आम्ही जेथून निघालो होतो तेथेच परत आलो. अडीच तास प्रवास केला आणि शून्य किलोमीटर अंतर कापले. वडील विमानतळावर गाडी घेऊन उभे होते. त्यांना विमानाचा आवाज ऐकू येत होता.

धावपट्टी२५
ताई, तुमचा अनुभव प्रातिनिधिक आहे. मोठ्या विमानतळांवर धुक्यात विमान खाली आणणारी आयएलएस यंत्रणा असते. लहान विमानतळांपैकी अनेक ठिकाणी ती नसते. वैमानिकाला नुसत्या नजरेच्या भरवशावर उडायचे तर किमान पाच किलोमीटरपर्यंत दिसणे आवश्यक असते. वरून सरळ खाली पाहिले तर धुक्याचा पातळ थर पारदर्शक वाटतो, परंतु उतरताना त्याच थरातून तिरपे आणि लांबवर पाहावे लागते, तेव्हा पट्टी दिसत नाही. धुराडे दिसते आणि धावपट्टी दिसत नाही, याचे कारण हेच. म्हणून हिवाळ्यात लहान विमानतळावर जाताना सकाळी लवकरचे विमान टाळावे.

गोदाकाठ
धुराड्यावरून आठवले. सोलापुरात विमान येण्यासाठी साखर कारखान्याचे नव्वद मीटरहून उंच धुराडे जून २०२३ मध्ये पाडावे लागले. धुराडे पडले काही क्षणांत. विमान त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी आले. यासाठी कोणत्या संकेतस्थळाचे सूत्र लावावे?

दूरदेशी
मी स्कॉटलंडमध्ये राहतो, म्हणून लहान विमानतळांच्या या चर्चेत आमच्या उत्तरेकडची एक गोष्ट घालतो. ऑर्कनी बेटांपैकी वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून नियमित विमान आहे. अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळापत्रकातला वेळ दोन मिनिटे आणि आजवरचा विक्रम ५३ सेकंदांचा. जगातले हे सर्वांत छोटे नियमित उड्डाण मानले जाते. आठ-नऊ जणांचे विमान असते. भूमापक यांनी उलगडलेले सूत्र त्याला लावले, तर उत्तर तीस मिनिटे बारा सेकंद येईल.

भूमापक
पडताळून पाहिले. बारा सेकंदच येतात. सूत्र कोठे मोडते हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

शंकेखोर
पावणेतीन किलोमीटरसाठी विमान म्हणजे रंकाळ्याला एक फेरी मारण्यासाठी विमान. तेथे बोट नाही का?

दूरदेशी
बोट आहे, परंतु समुद्र खवळलेला असतो तेव्हा शिक्षक, डॉक्टर आणि टपाल यांना दोन मिनिटांचे ते विमानच उपयोगी पडते. अंतर लहान असले तरी मध्ये काय आहे, यावर सारे अवलंबून असते.

घरचाहिशोब
आता पैशांचे बोलू, कारण विमान असावे की नसावे हे अखेर तेथेच ठरते. केंद्र सरकारच्या उडान योजनेची पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली. त्या दिवशीच्या तीन मार्गांत शिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबाद यांच्याबरोबर नांदेड-हैदराबाद होता, याचा नांदेडकरांना आजही अभिमान आहे. योजनेची मूळ कल्पना अशी की सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या प्रवासासाठी निम्म्या आसनांचे भाडे २,५०० रुपयांच्या आत ठेवायचे आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यायची. ४२५ किलोमीटरचा हा टप्पा त्या चौकटीत चपखल बसतो.

अडचण पुढे आहे. तीन वर्षांनंतर विमान स्वतःच्या बळावर चालायला हवे आणि त्यासाठी रोज सत्तरपैकी निदान पन्नास माणसांना कोल्हापूरहून नांदेडला जावेसे वाटले पाहिजे. नवरात्रात वाटेल, गुरुद्वाऱ्यातल्या मोठ्या उत्सवांना वाटेल. ऑगस्टमधल्या मंगळवारी कोणाला वाटेल?

तोवर हैदराबादला विमान बदलणे हा एक पर्याय राहतो. सरळ रेषेत कोल्हापूर-हैदराबाद ४४५ किलोमीटर आणि हैदराबाद-नांदेड २४५, म्हणजे एकूण ६९०. ईशान्येला जाण्यासाठी आधी पूर्वेला तेलंगणात जायचे आणि मग वायव्येला मागे फिरायचे. शिवाय दोन विमानांच्या मध्ये जो काळ जाईल, त्यात लालडबा यांची मोटार लातूर ओलांडून गेलेली असेल.

लालडबा
आणि लातूरला चहासुद्धा झालेला असेल.

धावपट्टी२५
मूळ प्रश्नाचा तिसरा भाग राहिलाच आहे, तो पुरा करतो. थेट विमान आहे असे धरून घरापासून घरापर्यंतचा हिशोब मांडू. महाद्वाराच्या परिसरातून उजळाईवाडी नऊ-दहा किलोमीटर, गर्दी धरून अर्धा तास. खिडकी तासभर आधी बंद होते, म्हणून दीड तास आधी पोहोचावे. तिकिटावरचा वेळ सव्वा तास. नांदेडचा विमानतळ शहराला लागून आहे, त्यामुळे सामान घेऊन बहिणीच्या दारात पोहोचायला पाऊण तास पुरे. बेरीज चार तास. त्यातला हवेतला वेळ तासापेक्षा कमी.

जाता जाता एक सूचना. देवीची ओटी भरण्यासाठी नारळ बरोबर नेणार असाल तर आधी कंपनीला विचारून घ्यावे. सुके खोबरे तर नेऊच नये. त्यात तेल जास्त असते आणि ते पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडते. ओटीचे सामान माहूरलाच घ्यावे.

भूमापक
रिकामा वेळ होता, म्हणून नकाशावर ती रेषा प्रत्यक्ष आखून पाहिली. कोल्हापूरपासून दीडशे-एक किलोमीटरवर डाव्या हाताला साधारण बारा किलोमीटरवर पंढरपूर राहते. २४० किलोमीटरवर उजव्या हाताला अकरा किलोमीटरवर तुळजापूर. ३१० किलोमीटरच्या सुमारास उजवीकडेच लातूर. हवा स्वच्छ असेल आणि विमान या रेषेवरून गेले, तर डाव्या खिडकीतून चंद्रभागेचे वळण आणि दहा मिनिटांनी उजव्या खिडकीतून बालाघाटाची कड दिसायला हरकत नाही. आसने निवडताना याचा विचार करावा.

करवीरनिवासी
सर्वांचे आभार. काल रात्री जेवताना भूमापक काकांची ही शेवटची नोंद आईला वाचून दाखवली. मला वाटले होते की डावीकडे पांडुरंग आणि उजवीकडे भवानी हे ऐकून तिला आनंद होईल. तिने हातातला घास तसाच ठेवला आणि विचारले, “म्हंजे भवानीच्या डोक्यावरनं जायचं आणि खाली उतरायचं न्हाई?”

तुळजापूर तुझे दोनदा झालेले आहे आणि ते अगदी डोक्यावरून नसून अकरा किलोमीटर बाजूने आहे, असे मी सांगून पाहिले. त्याचा काही उपयोग झाला नाही. विमान उद्या सुरू झाले तरी ती त्यात बसणार नाही, हे आता स्पष्ट आहे. म्हणून मोटारीने, दोन दिवसांत, असे ठरले: पहिल्या दिवशी पंढरपूरवरून तुळजापूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नांदेड. दर दोन तासांनी थांबायचे आणि कमरेला उशी घ्यायची, या अटी तिने स्वतःहून मान्य केल्या आहेत. नांदेडहून माहूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, ते तिसऱ्या दिवशी बहिणीबरोबर.

लालडबा
उत्तम निर्णय. मंगळवेढ्याला ज्वारीची भाकरी चुकवू नये.

माहेरवाशीण
आईंना माझा नमस्कार सांगावा. मात्र साडेतीन पीठांपैकी वणीची सप्तशृंगी अजून राहिली का? तिला जवळचा विमानतळ ओझरचा. भूमापक काका, कोल्हापूर ते ओझर किती होते?

भूमापक
३८५ किलोमीटर, संकेतस्थळाच्या सूत्राने ५९ मिनिटे. रेषा जवळजवळ सरळ उत्तरेला जाते. आणि हो, जेजुरीचा गड उजव्या हाताला पाचेक किलोमीटरवर राहतो. हे आईंना सांगायचे की नाही, ते करवीरनिवासी यांनी ठरवावे.